धोंडीचं बारसं

माझं लहानपण दोनदा झालं. पहिलं सिन्नरकडच्या आमच्या गावात झालं आणि चौथीत संपलं, कारण आईला पाठची पोरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. दुसरं दोह्यात झालं, अल सद्दमध्ये, आठव्या मजल्यावर, डोक्याचे केस सगळे पांढरे झाल्यावर. पहिल्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उठायचं, कोंबड्या सोडायच्या, पोर कडेवर घ्यायचं, पाणी भरायचं आणि अंधार पडला की आडवं व्हायचं. वेळ घालवावा लागतो, तो आपला आपण जात नाही, असं मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले असते. वेळ घालवायला मला नातीनं शिकवलं. लहानपणाच्या आठवणी लिहायला बसलेल्या बाईनं मध्येच म्हातारपण कशाला आणलं, असं कुणाला वाटलं तर वाटो. खेळायला मला तेव्हाच मिळालं, म्हणून माझ्या हिशेबी तेच लहानपण.

मी दोह्यात हौसेनं आले नव्हते. सिन्नरच्या घरात न्हाणीत पाय घसरून पडले, उजवा हात मनगटात मोडला, आणि प्रशांत, माझा एकुलता एक, मला उचलून घेऊन आला. तो इथं गॅसच्या कंपनीत इंजिनियर आहे. सून मंजिरी एका ऑफिसात हिशेब बघते. नात इरा तेव्हा सहावीत होती. सकाळी सगळी आपापल्या गाडीनं, बसनं निघून जायची, दार बंद व्हायचं आणि मग ते घर घुमायला लागायचं. एसीची घरघर, लिफ्टची टिंग, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, मधूनच मशिदीतली अजान. खिडक्या उघडायच्या नाहीत, उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा तोंडावर यायची. हात बांधलेला, त्यामुळे भाकरी थापता येईना. मंजिरी येताना खुबूस आणायची, ती इथली फुगीर रोटी. डाव्या हातानं ठेचा रगडायचा आणि खुबूसबरोबर खायचा. वाईट लागत नाही. पिठल्याबरोबर तर बरीच चांगली लागते, फक्त गरम असेपर्यंत खायची. गार झाली की चामडं.

माझा हात बरा झाला तेव्हा मी प्रशांतला म्हटलं, आता माझं तिकीट काढ. तो म्हणाला, "तिथं एकटी कशी राहशील? परत पडलीस तर?"

"पडले तर पडले. शेजारची शांता आहे ना उचलायला."

"शांतामावशीला स्वतःला उठायला दोन माणसं लागतात, आई."

हे खरं होतं, पण मी मान्य केलं नाही. माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर, माझ्या हातातली किल्ली, माझं भांडण करायला शांता, हे सोडून मी इथं काचेच्या डब्यात का बसावं? रोज संध्याकाळी हाच वाद. शेवटी मंजिरी म्हणाली, "त्यांचा वेळ जात नाही, म्हणून त्यांना जावंसं वाटतं." आणि इरा खोलीतून तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली.

इरा मराठी समजायची, बोलायची इंग्रजी. माझं इंग्रजी चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं नव्हतंच तेवढं. पण सोबत राहिलं की कळायला लागतं. मी माझं बोलायचे, ती तिचं. तिनं मला एका साईटवर नेलं. तिथं एकच बटण. ते दाबलं की जगातली कुठलीही बिनकामाची साईट उघडते. एकीवर नुसती रंगीत वाळू पडायची आणि तिचे ढीग व्हायचे. एकीवर मांजरं उड्या मारायची, बोटानं ओढली की ताणली जायची आणि सोडली की परत उडी. एकीवर एका माणसाच्या तोंडावर मासा आपटायचा. बस्स, एवढंच. मी म्हटलं, "हे करणाऱ्याला घरात कुणी काम सांगत नाही का?" इरा हसून लोळली. पण वाळूची साईट मला आवडली. मी दुपारभर वाळू पाडत बसले.

मग पृथ्वीच्या गोळ्यावर बोट ठेवलं की तिथला रेडिओ लागणारी साईट. आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावात बाया भांडत होत्या, म्हणजे नाटक असेल, मला ते भांडणच वाटलं आणि एकीची बाजू मला पटली. मग लोक आपल्या घराच्या खिडकीतून काय दिसतं ते टाकतात ती साईट. कुणाच्या खिडकीत बर्फ, कुणाच्या खिडकीत वाळत घातलेल्या चड्ड्या. माझ्या स्वतःच्या खिडकीत समोरच्या इमारतीच्या काचा आणि त्यात आमची इमारत. चित्राचे तुकडे जुळवायची एक साईट होती, तिनं माझे डोळे गेले आणि तीन वेळा पोळी करपली. आता मी सगळ्या साईटी बघून चुकलेय. नवीन काही आलं की इराच्या आधी मला माहीत असतं. पण तेव्हा मी जत्रेत सोडलेल्या पोरीसारखी झाले होते. जत्रेत मला लहानपणी कधी सोडलं नव्हतं, तरी तसंच होत असणार.

त्यातच करकोचे सापडले. युरोपातल्या कुठल्याशा गावात चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांचं घरटं, आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी कॅमेरा लावलेला. रात्रंदिवस चालू. कुठलं गाव ते मला आजही सांगता येणार नाही. लाल कौलं दिसायची, मागे एक रस्ता, त्यावरून सकाळी एक बाई सायकल घेऊन जायची. करकोचा बोलत नाही, लांबलचक चोच आपटतो. वाळल्या शेंगा पोत्यात भरून हलवाव्यात तसा आवाज. एक जण अळ्या-बेडूक घेऊन आला की दोघंही माना मागे टाकून टकटकाट करायची. प्रशांत घरून मीटिंगला बसला की ओरडायचा, "आई, तो आवाज बंद कर, लोकांना वाटतंय माझी लाईन खराब आहे!"

घरट्यात तीन पिल्लं निघाली. तिसरं मागाहून निघालं आणि निम्म्या अंगाचं होतं. खाणं पडलं की दोघं गिळून मोकळी, हे अजून मान वर करतंय. मी कोंबड्या पाळल्यात आणि कोंबड्या कापल्यात, मला पक्ष्यांचं कौतुक नाही. इराला म्हटलं, "हे तिसरं जगत नाही."

"आजी! दॅट्स सो मीन."

"मीन तर मीन. बघशील तू."

 ती म्हणाली, "इफ इट फ्लाइज, यू स्टे." ते उडालं तर तू राहायचंस. आणि तिनं पुढंही सांगितलं, ती काही लपवून ठेवणारी पोर नाही: मी गेले तर शाळा सुटल्यावर तिला आई येईपर्यंत पाळणाघरात बसावं लागणार होतं, बारक्या पोरांमध्ये, आणि तिथं नाकं पुसलेल्या रुमालांचा वास येतो. मी म्हटलं, "आणि मेलं तर मी जाणार. मग रडारड करायची नाही." हातावर हात मारला. मला खात्री होती. मी मनात बॅग भरून ठेवली होती.

प्रशांतनंही ते मान्य केलं. माझ्या व्हिसाचं कधी ना कधी ठरवावं लागणारच होतं, वाढवायचा की तिकीट काढायचं. तो म्हणाला, "चला, आमच्या घरातला निर्णय आता एक करकोचा घेणार." आणि हसला. त्यालाही तेच सोपं वाटलं असणार.

मग इराला पिल्लांची नावं ठेवायची होती. मी म्हटलं, नाव असं नुसतं ठेवत नाहीत, बारसं करतात. हे बोलले आणि फसले. शुक्रवारी बारसं करायचं तिनं ठरवून टाकलं. हे ठरलं त्याच दिवशी नलूताईंचा फोन आला. त्या दोह्यातच, अल मुंतझामध्ये मुलाकडे राहायच्या, माझ्याच वयाच्या, कोकणातल्या, आणि गणपतीत एकदा भेटल्यापासून आठवड्याला फोन करायच्या. मी आपलं सहज सांगितलं, "शुक्रवारी आमच्याकडे बारसं आहे, घुगऱ्या खायला या." त्या म्हणाल्या, "अगो बाई! येत्येच." कुणाचं बारसं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरात एकच सून, मग विचारायचं काय?

दोह्यात माणसं सहा-सहा महिने एकमेकांना दिसत नाहीत. ऑफिस, गाडी, मॉल, घर. त्यामुळे मंजिरीला बाळ झालं हे नलूताईंकडून ऐकून कुणाला शंका आली नाही, सगळ्यांना फक्त लाज वाटली की आपल्याला कळलंच नाही. शुक्रवारी दुपारी घंटी वाजली. मंजिरी झोपेतून उठून, केस बांधत दार उघडायला गेली. दारात नलूताई आणि त्यांच्यामागे चार बायका, हातात पिशव्या.

"अगो, तू कशाला उठलीस?" नलूताई तिच्यावरच खेकसल्या. "बाळंतिणीनं दार उघडायचं? घरात दुसरं कोण नाही काय? आणि कानाला काही बांधलं नाहीस, एवढा एसी चालू!"

मंजिरी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होते. भिजवून उकडलेले हरभरे, वर खोबरं, गूळ वेगळा.

"बाळ कुठाय?" एकीनं हळू आवाजात विचारलं.

"बाळं टीव्हीवर आहेत," मी म्हटलं.

इरानं लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला होता आणि टीव्हीला झेंडूच्या प्लॅस्टिकच्या माळा घातल्या होत्या. पाची बायका समोर जाऊन उभ्या राहिल्या.  घरट्यात मोठ्या करकोच्यानं नुकताच एक साप आणून टाकला होता आणि पिल्लं तो दोन्ही बाजूंनी ओढत होती.

"हे... करकोचे?" नलूताई म्हणाल्या.

मंजिरीला आता कळलं. तिचा चेहरा लाल झाला. "आई, तुम्ही यांना काय सांगितलंत? काल दोघींनी मला 'अभिनंदन' असा मेसेज केला! मला वाटलं ऑडिट नीट झालं म्हणून!"

नलूताईंना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांना. नलूताई सोफ्यावर बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि पिशवीतून झबलं-टोपडं काढून म्हणाल्या, "आता हे घालू कुणाला? चोचीत अडकवू?" प्रशांत आतून आला, दारातल्या चपला मोजून परत आत निघाला होता, त्याला धरून बसवला. आल्याच आहेत तर बारसं होऊन जाऊ दे, असं ठरलं. इरा आत्या झाली. आमच्यात आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. इरा टीव्हीच्या कानाशी, म्हणजे जिथून आवाज येतो तिथं वाकली आणि म्हणाली, "कुर्रर्र... लूना!" पाच बायकांनी तिला बडवलं. मग लिओ. परत बडवलं. तिसऱ्याच्या वेळी ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्याचं राहू दे," मी म्हटलं. "ते राहणार नाही. नाव ठेवून उगाच कशाला."

हसणं थांबलं. "सुनंदाताई," नलूताई म्हणाल्या, "बारशाच्या घरात असं बोलतात होय?"

इराचे डोळे भरले होते, पण तिनं रडारड करायची नाही असं कबूल केलं होतं, म्हणून ती नाक ओढत तशीच वाकून राहिली. तिची ती वाकलेली पाठ बघून मला काय झालं कुणास ठाऊक. माझ्या तोंडून निघून गेलं, "धोंडी म्हण."

"काय?" प्रशांत म्हणाला. "धोंडी? आई, काहीतरी बरं सांग ना."

"हेच बरं आहे. माझंच आहे."

हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. माझ्या आधीची दोन पोरं आईच्या मांडीवर गेली. मी झाले तीही चिमणीएवढी. तेव्हा आमच्याकडे अशा पोरांची नावं धोंडू, दगडू, केरू अशी ठेवायचे. जो कोणी पोरं न्यायला येतो त्याला वाटावं, इथं दगड पडलाय, केर पडलाय, नेण्यासारखं काही नाही. त्यानं मला बघून सोडून दिलं. नाव मात्र राहिलं. शाळेत गुरुजी हजेरीला "धोंडी" म्हणाले की पोरं पाटीवर दगड आपटायची. लग्नात तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, सुनंदा, आणि मी सुटले. त्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. मी काही त्यांना रडत बसले नाही, सगळीच जातात. पण आपल्याला पहिली हाक ज्या नावानं मारली ते नाव जगात कुणालाच माहीत नाही, हे एखादे वेळी भाजी निवडताना वगैरे आठवतं.

हे मी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. जास्त सांगायची मला सवय नाही. मंजिरी माझ्याकडे बघत होती. प्रशांत जमिनीकडे. इरा परत वाकली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "कुर्रर्र... धोंडी." मग तिला जे धपाटे बसले त्यातला एक माझा होता. घुगऱ्या संपल्या, करक, म्हणजे इथला आटवलेला कडक चहा झाला, बायका हसत गेल्या. टोपडं नलूताईंनी इथंच ठेवलं. म्हणाल्या, "लागेल कधीतरी." मंजिरीनं ते कपाटात इतकं खोल टाकलं की अजून सापडलेलं नाही.

पुढं पंधरवड्यानं त्या गावात पाऊस लागला. थांबेचना. आई पंख पसरून पिल्लांवर बसायची, पण लिओ आता एवढा थोराड झाला होता की पंखाखाली मावेना. एका सकाळी तो हललाच नाही. धोंडी बारकी, ती आत पोटाशी. इरा शाळेला जाताना टीव्हीसमोर उभी राहिली आणि मला विचारलं, "इज ही स्लीपिंग?"

"मेला," मी म्हटलं.

मंजिरी म्हणाली, "आई, जरा हळू सांगायचं!" पण मेलेल्याला हळू सांगून काय होतं? इरा बसमध्ये रडली म्हणे. संध्याकाळी येऊन तिनं तीच साईट उघडली. मला ते आवडलं. दुसरी पोर असती तर परत मांजरं ताणत बसली असती.

मी चुकले होते, ज्याला जगणार धरलं ते गेलं. तरी धोंडीबद्दल माझं म्हणणं मी बदललं नाही. मी काही देव पाण्यात ठेवले नाहीत. फक्त दुपारी वाळू पाडायची सोडून घरट्यासमोर बसायला लागले, लसूण सोलायला तिथं, मेथी निवडायला तिथं. लूना उडाली. तिच्यावर कुणी पैज लावली नव्हती. धोंडी काठावर उभी राहून पंख हलवायची आणि परत मागे व्हायची. प्रशांतनं एका सकाळी जाताना विचारलं, "आई, आता मला ठरवावं लागेल. संध्याकाळपर्यंत सांग, तिकीट की व्हिसा." मी म्हटलं, "धोंडी बसलीय अजून. तिकीट बघून ठेव."

त्याच सकाळी, सगळी गेल्यावर. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. धोंडी काठावर गेली, पंख उघडले, वारा आला असावा, कारण तिची पिसं उलटी झाली. आणि ती नव्हती. घरटं रिकामं. मी उठून टीव्हीला नाक लावलं. कॅमेरा हलत नाही, खालचं दिसत नाही. पडली, मी म्हटलं. मनोऱ्यावरून पडली म्हणजे संपलं. जिंकले, म्हणजे सिन्नर. कुकर शिट्ट्या देत राहिला. मग चित्राच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरं आलं आणि समोरच्या लाल कौलांवर उतरलं. उतरलं कसलं, आदळलं. धोंडी. पाय फाकलेले, मान इकडून तिकडे, कौलं आपल्या बापाची असल्यासारखी. थोडं उभी राहिली, मग परत पंख उघडले आणि या वेळी नीट गेली. परत आली नाही. वरण तळाला लागलं होतं. मी गॅस बंद केला.

त्या साईटवर मागचं बघता येत नाही. जे गेलं ते गेलं. बघणारी एकटी मी.

दुपारी इरा आली. दप्तर अजून पाठीवर, बूट अजून पायात. टीव्हीवर रिकामं घरटं आणि मागच्या रस्त्यावरून कुणीतरी चाललेलं.  माझ्याकडे न वळता तिनं विचारलं, "डिड शी फॉल?"

एका शब्दाचं काम होतं. माझी किल्ली, माझी न्हाणी, शांताशी भांडण, सगळं त्या शब्दापलीकडे ठेवलेलं. आणि ती पोर विश्वास ठेवणार होती, कारण लिओच्या वेळी मीच तिला तोंडावर सांगितलं होतं.

"उडाली," मी म्हटलं. "नाठाळ कुठली. आधी त्या कौलांवर आपटली, मग गेली. बूट काढ आधी, फरशी पुसलीय."

इरानं बूट काढले. मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. ती स्वयंपाकघरात गेली, करपलेल्या वरणाचा वास घेतला आणि खुबूस गरम करून दोघींसाठी ठेचा काढला. मी प्रशांतला फोन लावला.

"तिकीट नको," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"हरले."

तो पलीकडे काहीतरी म्हणाला, मीटिंगमध्ये होता, नीट ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला.

याला आता बरीच वर्षं झाली. सिन्नरच्या घराची किल्ली माझ्या ट्रंकेत आहे, तिथं शांता गेली आणि न्हाणी तशीच निसरडी आहे. त्या मनोऱ्यावर दर वर्षी करकोचे येतात. ते तेच की दुसरे, मला ओळखू येत नाहीत आणि मी ओळखल्याचा आवही आणत नाही. इरा आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय आणि जेव्हा फार लाडात किंवा फार रागात असते तेव्हा तिच्या खोलीतून ओरडते, "ए धोंडी, चहा टाकतेस का?" प्रशांत तिच्यावर डाफरतो, आजीला असं बोलतात का म्हणून.

मी ओ देते.